घंटेची तालीम

घंटेला कुंकू लावताना आपला हात थरथरला नाही, याचं मथुराला बरं वाटलं. सकाळपासून तिला धास्ती होती ती त्या हाताचीच.

पूजेचा पाट रंगमंचाच्या मधोमध मांडला होता. पाटावर लाल खणात बांधलेल्या सात वह्या आणि शेजारी मुठीएवढी पितळी घंटा. ‘सावनगडचा किल्लेदार’ हे नाटक मथुराच्या वडिलांनी, त्रिविक्रमरावांनी, एकोणीसशे एकवीस साली लिहिलं आणि त्याच वर्षी काडू मल्लेश्वर नाटक मंडळी काढली. नाटक मराठी, पण अक्षरं कानडी. शाळा कानडी आणि घर मराठी, मग दुसरं काय होणार? ज्याची भूमिका त्याला फक्त त्याच्या संवादांची वही मिळे, तिला नक्कल म्हणायचं. अख्खं नाटक असलेली वही एकच, आणि ती विंगेतल्या स्टुलावर बसणाऱ्या प्रॉम्प्टरच्या मांडीवर.

त्या स्टुलावर आधी आई बसायची, गंगव्वा. अडतीस वर्षांपूर्वी तिनं वही आणि घंटा मथुराच्या ओटीत घातली आणि म्हणाली, “माणूस बघून वाजवू नकोस. ओळ बघून वाजव.”

दरवर्षी घटस्थापनेच्या सकाळी घंटेची तालीम व्हायची. पूजा झाली की पहिल्या अंकापासून नाटक म्हणायचं. या एका तालमीत प्रॉम्प्टरनं ओळ सांगायची नाही. कुणी अडखळलं, की घंटा. घंटा वाजली तरी ओळ ज्याची त्यानंच शोधायची. एकाच माणसाच्या नावानं तीन घंटा झाल्या की त्याची नक्कल गेली. अडलेल्या जागेपासून पुढे जो बिनचूक म्हणेल, त्याची ती झाली. पन्नास साली गंगव्वानं खुद्द नवऱ्याला तिसरी घंटा वाजवली होती, आणि मथुराच्या थोरल्या भावानं, सव्वीस वर्षांच्या विठोजीनं, बापाच्या तोंडची ओळ उचलली होती. त्रिविक्रमराव दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले, आणि दसऱ्याला मुलाच्या मिशा त्यांनीच चिकटवल्या.

त्याला आता सेहेचाळीस वर्षं झाली. विठोजीअण्णा बहात्तर वर्षांचा होता, अजून किल्लेदार होता, आणि गेली दोन वर्षं त्याला ओळी आठवत नव्हत्या.

हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, अशी मथुराची समजूत होती. अडखळायच्या आधी अण्णा अर्धाच श्वास घ्यायचा. त्या अर्ध्या श्वासात ती ओळ सोडायची, ओठ न हलवता, आणि ती ओळ आपलीच असल्यासारखी तो उचलायचा. प्रयोगात हे चाललं असतं. पण दोन वर्षं तिनं घंटेच्या तालमीतही हेच केलं होतं. घंटा तिच्या मांडीवर नुसती पडून राहिली होती.

यंदा तसं चालणार नव्हतं. मंडळीचं पंचाहत्तरावं वर्ष म्हणून गावातल्या मराठी लोकांनी दसऱ्याचा प्रयोग शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात, कलाक्षेत्रात, ठरवला होता. मल्लेश्वरमच्या आपल्या या पत्र्याच्या नाट्यगृहात विंगेपासून रंगमंचाच्या मध्यापर्यंत आठ पावलं होती. गेल्या आठवड्यात मथुरा बसनं जाऊन कलाक्षेत्राचा रंगमंच पाहून आली होती. तिथे तिनं पावलं मोजली. बावीस भरली.

“अक्का,” पायपेटीच्या भात्यावरून फडकं फिरवत नागोजीनं हाक मारली. तो तिघा भावंडांतला धाकटा, साठीचा, पोस्टातून निवृत्त झालेला. “तिथे माझी पेटी कुठे ठेवणार म्हणे?”

“खाली. प्रेक्षकांच्या पुढ्यात.”

“म्हणजे अण्णा मला दिसायचा नाही नीट.” त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “तुला म्हणून सांगतो. अण्णा हल्ली स्वल्प अडखळतो. तुझ्या ध्यानात आलं नसेल.”

मथुरा पाटावरच्या वह्या सारख्या करू लागली.

“तो अडला ना, की मी दोन पट्ट्या दाबून धरतो. लोकांना वाटतं, किल्लेदाराचा ऊर भरून आलाय. तेवढ्यात तो सावरतो.”

“तो सावरत नाही, नागू. मी ओळ देते.”

एकाच घरात दोन खिडक्यांनी शिरलेले चोर माजघरात समोरासमोर यावेत, तशी दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग नागोजी खुदकन हसला आणि लगेच गंभीर झाला.

“मग आज?”

“आज घंटा आहे.”

“बिडू, अक्का. सोडून दे. एवढं एक वर्ष जाऊ दे. अण्णाशिवाय किल्लेदार म्हणजे देवाशिवाय देऊळ. लोक येतात कशाला?”

“आणि बावीस पावलांवरून ओळ कशी पोचवू? फेकून मारू?”

“बुरुजामागे बस. कापडाचा तर बुरुज. कोण येतंय बघायला?”

“वर माईक टांगलेत, नागू. मी कुजबुजले तर अण्णाच्या आधी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल.”

नागोजीनं फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

कॉफीचे पेले घेऊन रम्या आली. ही विठोजीची सून. नागोजी पेला घेऊन पेटीकडे वळल्याचं बघून ती मथुराच्या कानाशी वाकली.

“आत्या, वाजवा.”

“काय वाजवू?”

“मला विचारता? मी दारात तिकिटं फाडते, तिथूनसुद्धा कळतं. गेल्या वर्षी मामंजींनी किल्लेदाराच्या मुलीचा प्रवेश अख्खा गाळला. आमची रक्षिता विंगेत नटूनथटून उभी, आणि पडदा पडला.” रम्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “वीस वर्षं हे नाटकात शत्रूचे वकील झाले. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली पाळी संपवून दोन बस बदलून येतात, एक तालीम चुकवत नाहीत. एकदा तरी किल्लेदार होऊ देत. आणि मी बोलले हे यांना सांगू नका.”

“नाही सांगत.”

“रक्षिताला मात्र सांगा, नाटक यंदा शेवटचं. मार्चात पीयूसीची परीक्षा, मग सीईटी. तुमचं ऐकते ती.”

ती गेली तोच तिचा नवरा आला. शंभूराज चव्वेचाळीस वर्षांचा, उंचापुरा, बापासारख्याच रुंद खांद्यांचा. आत्याच्या स्टुलापाशी तो उकिडवा बसला. लहानपणी पाढे म्हणायला बसायचा, तसाच.

“आत्या, आज अप्पांना घंटा नको.”

“का रे?”

“लोक म्हणतील, शंभूनं बापाच्या डोक्यावरचं पागोटं ओढलं.”

“लोकांचं राहू दे. तुला हवी आहे का ती नक्कल?”

शंभूराजनं जमिनीवरच्या फळ्यांच्या फटीतून बोट फिरवलं. “हवी आहे,” तो म्हणाला. “म्हणूनच सांगतो, वाजवू नका.”

मथुरानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला. एक म्हणतो वाजवू नको, एक म्हणते वाजव, एकाला हवं आहे म्हणून नको आहे. एकतीस वर्षं तिनं कानडी शाळेत पहिली-दुसरीची पोरं शिकवली होती. वर्गात असंच असायचं. चाळीस पोरं चाळीस दिशांना ओढायची, आणि बाईनं फळ्यावरची एक ओळ धरून राहायचं. आज तिची ओळ एकच होती. दसऱ्याला कलाक्षेत्रात हजार माणसांसमोर अण्णा गप्प उभा राहता कामा नये. तिथे आपण पोचणार नाही. जे व्हायचं ते आज, घरच्यांसमोर, या पत्र्याखाली होऊ दे.

“अज्जी, वही.” सतरा वर्षांची रक्षिता अख्ख्या नाटकाची वही घेऊन आली आणि तिनं ती आजीच्या मांडीवर नीट ठेवली. मथुराच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, अक्षरं दिसत नव्हती, वही नुसती मांडीवर लागायची. वाचायला शिकली होती ती रक्षिता, याच वहीवरून. सहाव्या वर्षापासून स्टुलाच्या पायाशी बसून बोट फिरवत, क-ख-गच्या आधी ‘किल्लेदार’.

“बस इथे. तुझा प्रवेश येईपर्यंत.”

“अज्जी, तुझे हात गार पडलेत.”

“घंटा गार आहे. गप्प बस.”

विठोजी आला. पांढरं धोतर, वर जुना कोट, आणि डोक्यावर तालमीचं फिकट केशरी पागोटं. पाटाला नमस्कार करून तो उभा राहिला, आणि त्याची पाठ ताठ झाली. त्यानं समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

“सावनगडचा सूर्य सावनगडाला विचारून उगवतो!”

आवाज तोच होता. पत्रे घुमायचे तसेच घुमले. नागोजीनं पायपेटीवर सूर धरला, आणि एवढं वाक्य ऐकून मथुराच्या मनात एक वेडी आशा आली, की आज कदाचित घंटा लागणारच नाही.

पहिला अंक जवळजवळ संपेपर्यंत लागली नाही. मग शिबंदीला उद्देशून बोलताना विठोजीनं अर्धाच श्वास घेतला.

मथुराच्या जिभेवर ओळ आली. तिनं दात मिटले. पायपेटीवर दोन पट्ट्या दाबल्या गेल्याचं तिला ऐकू आलं. तिनं घंटा उचलली.

टण्.

पत्र्याखालच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. पेटीचा सूर तुटला. विठोजीनं सावकाश मान वळवली आणि विंगेकडे पाहिलं. त्याचा चेहरा तिला धूसर दिसत होता, पण तो आपल्याकडेच बघतोय हे कळत होतं.

विठोजीनं डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार. मथुरा मनात मोजत होती. पाचव्याला त्यानं डोळे उघडले.

“ज्याला घरची आठवण येते त्यानं आत्ता उतरावं; मी त्याच्या पाठीवर वार करणार नाही. पण जो राहील, त्यानं मागे वळून पाहू नये!”

बरोबर. शब्दाला शब्द. मथुरानं घंटा मांडीवर ठेवली. दोन वर्षांत आपण त्याला शोधायला पाच आकड्यांचाही वेळ दिला नव्हता, हे तिला आत्ता समजत होतं.

दुसऱ्या अंकात वकील गडावर येतो. शंभूराज समोर उभा राहिला. सवाल-जवाब रंगले, बाप-लेकांचे आवाज एकमेकांवर चढले, आणि अचानक विठोजी थांबला. त्याच्या जिभेवर तिसऱ्या अंकातलं वाक्य आलं होतं. ते नव्हे एवढं त्याला कळत होतं, मात्र कुठलं ते सापडत नव्हतं.

शंभूराज अदबीनं झुकला. “किल्लेदार, आपण म्हणाल की गडावर सहा महिन्यांचं धान्य आहे?”

“आहे!” विठोजी गरजला. “सहा महिन्यांचं धान्य आहे!”

टण्.

“आत्या!” शंभूराज गर्रकन वळला. “ही कशाला? अप्पा बोलले की!”

“तू बोललास. वकिलाच्या वहीत ती ओळ नाही.”

“एक शब्द इकडचा तिकडं झाला म्हणून...”

“नऊ शब्द, शंभू. मी मोजले.”

“अक्का, घाई करतेस,” नागोजी पेटीमागून उठला. “अय्यो, सणाचा दिवस आहे. दुसरी मागे घे.”

“घेऊ नका,” रम्या म्हणाली, आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिल्यावर पुढे म्हणाली, “म्हणजे, नियम आहे म्हणून म्हटलं.”

शंभूराज बायकोवर उखडला. “तुला कुणी विचारलं? तूच शिकवलंस ना आत्याला?”

“आत्यांना शिकवणारं अजून जन्मायचंय!”

“आणि काका, तुम्ही पेटी वाजवा. तुमच्या त्या दोन पट्ट्या काय मला ऐकू येत नाहीत?”

“मग तुझे ते ‘आपण म्हणाल की’ मला ऐकू येत नाहीत होय? प्रेक्षक हसतात रे, वकील बिचारा बहिरा आहे म्हणून!”

“गप्प!”

विठोजीचा आवाज होता. सगळे जागच्या जागी थांबले. त्यानं पागोटं काढून काखेत धरलं, आणि किल्लेदाराच्या जागी एकदम एक म्हातारा माणूस उभा राहिला.

“नागू, तुझ्या पट्ट्या मला दोन वर्षं ऐकू येतात. पहिल्यांदा ऐकल्या तेव्हाच मला कळलं की मी अडलोय. तोवर कळलंच नव्हतं.” तो मुलाकडे वळला. “शंभू, तुझा वकील गडावर येतो शरणागती मागायला, आणि मलाच हळूच माझी उत्तरं सांगतो. असला शत्रू देव सगळ्यांना देवो.”

नागोजीला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात दडवलं.

“आणि मथुरा.” तो विंगेपाशी आला. “तू एवढी पोरं शिकवलीस. पोर वाचताना चुकलं की काय करायचीस?”

“थांबवायची.”

“आणि कुणाला थांबवायची नाहीस?”

मथुरानं मान खाली घातली. उत्तर तिला ठाऊक होतं. अडतीस पोरांना थांबवायचं. उरलेल्या दोघांना वाचू द्यायचं तसंच, चुकत चुकत, कारण त्यांच्यावरची आशा आपण सोडलेली असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं ते केलं होतं आणि पुढे जन्मभर स्वतःला बोल लावला होता.

“दोन घटस्थापना गेल्या,” विठोजी म्हणाला. “दोन्ही वेळा मी घंटेची वाट पाहिली. पहिल्या वर्षी चार व्हायला हव्या होत्या, गेल्या वर्षी नऊ. तू एकही वाजवली नाहीस. मी घरी जाऊन आरशात बघितलं. म्हटलं, मथुरानं आपल्याला वर्गातून काढलं.”

“अण्णा, माझं चुकलं.”

“चुकलं,” तो म्हणाला. सोडून देणारा तो नव्हता. मग त्यानं पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं आणि दोन्ही हातांनी सारखं केलं. “आज वर्गात घेतलंस. आता दोन झाल्यात. शंभू, उभा राहा. तिसरा अंक. आणि माझ्या तोंडात कुणी घास घालायचा नाही. सरी?”

“सरी, अप्पा,” शंभूराज पुटपुटला.

तिसऱ्या अंकात दरवाजाचं भाषण आहे. नाटक बघायला येणारी माणसं या भाषणासाठी येत, आणि पुष्कळांना ते पाठ असे. किल्लेदार मानाजी दरवाजाच्या अडसरावर हात ठेवतो, त्याची मुलगी चंद्रा दिवा घेऊन मागे उभी असते, आणि खाली वकील शेवटचं विचारायला आलेला असतो.

रक्षिता स्टुलाच्या पायापासून उठली. दिव्याऐवजी कॉफीचा रिकामा पेला हातात धरून ती आजोबांच्या मागे उभी राहिली.

विठोजीनं हात पुढे केला. समोर काही नव्हतं, तरी अडसराचं वजन त्याच्या खांद्यात दिसलं.

“वकीलसाहेब! हा दरवाजा लाकडाचा आहे. तुमची तोफ त्याला फोडेल. अडसर लोखंडाचा आहे. तो वाकेल. पण अडसरावर हा जो हात आहे...”

अर्धा श्वास.

मथुरानं मोजायला सुरुवात केली. पाच झाले. दहा झाले. नागोजीचे दोन्ही हात मांडीवर होते. शंभूराजनं खालचा ओठ दातांत धरला होता. पंधरा. विठोजी शोधत होता. तो शोधतोय हे त्याच्या पाठीवरून कळत होतं. अंधाऱ्या माडीवर माणूस ओळखीची ट्रंक चाचपडत शोधतो, तसा. ट्रंक तिथेच होती. आज हाताला लागत नव्हती.

वीस झाले. विठोजीनं मान वळवली आणि बहिणीकडे पाहिलं. हात अडसरावरून काढला नाही.

मथुराला आई आठवली. नवऱ्याला तिसरी घंटा वाजवताना गंगव्वाचा चेहरा कसा होता, हे त्या सकाळी तिथे नसल्यानं तिनं इतकी वर्षं कुणाकुणाला विचारलं होतं. तिला आज वाटलं, कुणी सांगू शकलं नाही, कारण कुणी आईकडे पाहिलंच नसणार. सगळे बापाकडे पाहत असतील.

तिनं घंटा उचलली आणि नीट, पूर्ण, एकदा वाजवली.

टण्.

“झाल्या तीन,” विठोजी शांतपणे म्हणाला. “पुढची ओळ?”

सगळे शंभूराजकडे बघत होते. रम्यानं दोन्ही हात छातीशी धरले. वीस वर्षं समोर उभं राहून त्यानं हे भाषण ऐकलं होतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

“पण अडसरावर हा जो हात आहे, तो... आपल्या एकट्याचा नाही, असंच ना किल्लेदार?”

क्षणभर त्याला स्वतःलाच कळलं नाही. मग त्याचा चेहरा पडला. दोन वर्षं बापाची प्रत्येक ओळ त्यानं प्रश्न करून पुढे सरकवली होती, आणि आज स्वतःसाठी हवी तेव्हाही ती तशीच बाहेर आली. “अय्यो,” तो म्हणाला, आणि कपाळावर हात मारून मटकन फळ्यांवर बसला. नागोजीला हसू फुटलं. रम्या हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. शंभूराजही हसायला लागला, अपराधी मुलासारखा, खांदे हलवत. “वकीलच राहिलो, आत्या. हाडात गेला माझ्या.”

“तो माझा एकट्याचा नाही.”

आवाज मागून आला. मोठा नव्हता, पण गडबडला नव्हता. हसणं थांबलं.

“माझ्या आजानं तो इथे ठेवला. माझ्या बापानं तो उचलू दिला नाही. हा हलवायचा तर आधी त्या दोघांना मसणातून उठवा, आणि त्यांची परवानगी घेऊन या. तोवर, वकीलसाहेब, दरवाजा बंद आहे!”

रक्षिताच्या हातात पेला होता तसाच होता. दुसरा हात तिनं पुढे केला होता आणि तो आजोबांच्या हाताशेजारी, त्याच नसलेल्या अडसरावर टेकला होता.

“रक्षिता!” रम्या ओरडली. “पेला ठेव खाली. तुझं काम नाही ते!”

“नियम आहे, अम्मा. तूच म्हणालीस.”

“मुलगी किल्लेदार? लोक काय म्हणतील? मिशा लावणार?”

“लावेल की!” नागोजी पेटीवर थाप मारून म्हणाला. “मी पंचविसाव्या वर्षापर्यंत लुगडं नेसून चंद्रा झालो, तेव्हा कुणाची अब्रू गेली? माझ्या अंबाड्यावर तर दोन स्थळं आली होती. तिला मिशीची कसली लाज?”

“आणि परीक्षा?”

रक्षिता काही बोलायच्या आत शंभूराज उठला. कपडे झटकत तो बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. “रम्या, तिनं एक शब्द चुकवला नाही. मी वीस वर्षांत कमावलं नाही ते तिनं स्टुलापाशी बसून कमावलं. माझा राग असेल तर माझ्यावर काढ.”

रम्यानं नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिला जे त्याच्यासाठी हवं होतं ते त्यानंच मुलीला दिलं होतं. आता भांडायचं कुणाशी?

“पहाटे साडेचारला उठायचं,” ती शेवटी म्हणाली. “साडेचार ते सात अभ्यास. एक दिवस चुकला तर मी स्वतः येऊन मिशा उपटीन.”

“सरी, अम्मा.”

विठोजी इतका वेळ हलला नव्हता. आता त्यानं पागोटं काढलं. पन्नास साली त्याच्या बापानं काढलं तेव्हा ते जमिनीवर पडलं होतं, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. त्यानं ते दोन्ही हातांनी रक्षिताच्या डोक्यावर ठेवलं. ते तिच्या भुवयांवर उतरलं.

“आत कापड भरावं लागेल,” तो म्हणाला. “डोकं लहान आहे. आवाजही लहान आहे. नऊ दिवस आहेत.”

“ताता, तुम्ही...” रक्षितानं पागोटं वर सारून आजोबांकडे पाहिलं.

“मी जेवणार आहे. बापासारखा उपाशी बसणार नाही. आठवण कमी झालीय, भूक नाही.” आणि तो सरळ विंगेत मथुरासमोर येऊन उभा राहिला. “ऊठ.”

“कुठे?”

“स्टूल सोड. तुला वाचता येत नाही आणि मला आठवत नाही. मांडीवर वही असली की मला आठवायची गरज नाही. नऊ दिवस हिच्या तालमी मी घेतो. कलाक्षेत्रात बावीस पावलांवरून कुणाची कुजबूज लागायला नको, अशी तयार करून देतो.” त्यानं हात पुढे केला. “घंटा.”

मथुरानं घंटेकडे पाहिलं. अडतीस वर्षं. आई म्हणाली होती, माणूस बघून वाजवू नकोस.

“नात आहे, अण्णा. जमेल?”

“तुझ्यासारखं होणार नाही.”

तिनं घंटा त्याच्या तळहातावर ठेवली. धातू आता ऊन झाला होता.

स्टुलावरून उठल्यावर आपण जायचं कुठे, हे तिला कळेना. शंभूराजनं तिचा हात धरून तिला बाजूच्या पायऱ्यांनी खाली नेलं आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीची घडी कुरकुरली. समोर, उंचावर, रंगमंच होता. एवढ्या वर्षांत तो तिनं फक्त कडेनं पाहिला होता. तिला नटांच्या पाठी ठाऊक होत्या, श्वास ठाऊक होते. समोरून हे नाटक तिनं अडतीस वर्षांत पाहिलंच नव्हतं. आता पाहायला बसली, तर डोळ्यांपुढे केशरी रंगाचा एक ठिपका तेवढा हलत होता. दसरा झाला की डोळे करून घ्यायचे, तिनं मनाशी ठरवलं. सोमवारीच तारीख घ्यायची.

“पहिल्यापासून,” विंगेतून विठोजीचा आवाज आला. वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. नागोजीनं सूर धरला.

केशरी ठिपका मध्यावर येऊन थांबला.

“सावनगडचा सूर्य सावनगडालाच विचारून उगवतो!”

टण्.

नागोजीचा सूर थांबला. “अण्णा, पहिलंच वाक्य आहे रे,” तो म्हणाला.

मथुरानं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. ‘सावनगडाला’. ‘सावनगडालाच’ नव्हे. मोजायला लागू नये म्हणून तिनं जीभ दातांखाली धरली, पण मन मोजतच होतं. एक. दोन. तीन.

वरचा केशरी ठिपका ताठ झाला.

“सावनगडचा सूर्य,” रक्षिता म्हणाली, “सावनगडाला विचारून उगवतो.”

आणि या वेळी घंटा वाजली नाही.